न घेतलेली सवलत

माझा नवरा फुकटचं काही घेत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार करतेय.

सुपरमार्केटमध्ये एखादी मुलगी ट्रेमध्ये बिस्किटांचे तुकडे घेऊन उभी असते. येणारा-जाणारा एक तुकडा तोंडात टाकतो, काही जण तर वळसा घालून पुन्हा येतात. उत्तम तिला मान हलवून नाही म्हणतो आणि पुढे जाऊन त्याच बिस्किटांचा पुडा विकत घेतो. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी घसघशीत रजा लिहून दिली होती. सिंगापुरात असा कागद हातात पडला की लोक निवांत घरी बसतात. हा अर्धी रजा सोडून, कुबडी टेकत अलेक्झांड्रा रोडच्या ऑफिसात हजर झाला. लोक म्हणतात, काय सरळ माणूस आहे. तो सरळ आहेच, पण त्याहून जास्त तो घाबरलेला आहे, आणि हे फक्त मला माहीत आहे.

आम्ही बौद्ध. उत्तम अकोल्याकडचा, मी औरंगाबादची. तो इंजिनिअरिंगला गेला तेव्हा कॉलेजच्या भिंतीवर प्रवेशाची यादी लागली होती. खुल्या जागेतून सहज प्रवेश मिळाला असता इतके मार्क त्याला होते. ते कुणी वाचले नाहीत. नावापुढचा प्रवर्ग मात्र सगळ्यांनी वाचला. 'सरकारचे जावई' हा शब्द तो पदवी हातात पडेपर्यंत ऐकत राहिला. एका तोंडी परीक्षेला मास्तरांनी त्याचं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग म्हणाले, बस झालं, जा, तुम्हा लोकांना काय, पासच आहात. उत्तमनं रात्रभर जागून अभ्यास केला होता. त्याला सगळं येत होतं, आणि त्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही. लग्नानंतर हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे बघत.

माझी गोष्ट वेगळी. मला स्कॉलरशिप मिळायची ती मी छाती पुढे काढून घ्यायची. तिच्यातून आधी चप्पल घेतली, मग पुस्तकं. माझ्या आजीला शाळेच्या ओसरीवर चढू दिलं नव्हतं, तेव्हा तिच्या नातीला पुस्तकं मिळाली तर त्यात लाजायचं काय? पण उत्तमच्या मनात ती तोंडी परीक्षा अजून चालूच आहे. समोर कुणीतरी बसलंय, आणि ते आता म्हणणार, जा, पासच आहात.

सिंगापूरला आलो तेव्हा मला वाटलं, सुटलो. क्वीन्सटाउनमधल्या जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. शेजारी चिनी आजी-आजोबा, खाली खाण्याच्या गाड्यांचं हॉकर सेंटर. इथे कुणाला आमच्या आडनावाशी देणंघेणं नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती ठेवली, तर शेजारच्या आजी संत्री घेऊन आल्या. बाबासाहेबांचा फोटो मात्र उत्तमनं बेडरूममध्ये लावला. मी विचारलं, हॉलमध्ये का नको? म्हणाला, मराठी लोक येतात, मग प्रश्न विचारतात. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माणूस विमानात बसला तरी मागचं सगळं सामान बरोबर येतं.

प्रियदर्शिनी इथेच वाढली. आमची एकुलती एक. शाळेत तिला भारतातल्या जातींवर एक धडा होता, चार चौकोन काढलेला. ती घरी येऊन विचारायला लागली, आपण यातल्या कुठल्या चौकोनात? उत्तम म्हणाला, आपण बौद्ध, आपल्यात ते नसतं. ती म्हणाली, ओके, आणि खेळायला गेली. विषय संपला. संपवला, असं म्हणू या.

डॉक्टर व्हायचं हे तिचं स्वतःचं वेड. आम्ही ढकललं नाही. बारावीच्या तोडीच्या इथल्या परीक्षेनंतर मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. तेव्हा तिनं ठरवलं की विद्यापीठात लाइफ सायन्सेसची पदवी घ्यायची आणि नंतर पदवीधरांना घेणाऱ्या मेडिकल कॉलेजात अर्ज करायचा. तिनं जे कॉलेज धरून ठेवलं होतं, तिथे दोन सरासऱ्या बघतात. एक सगळ्या विषयांची आणि दुसरी फक्त सायन्सची, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित. त्याला ती मुलं सायन्स जीपीए म्हणतात. पाचपैकी साडेचारच्या खाली सायन्स जीपीए असेल तर मुलाखतीला बोलावत नाहीत, असं तिला पुढच्या वर्गातल्यांनी सांगितलं होतं. तिनं कॉलेजच्या माहिती-बैठकीत हात वर करून विचारलं, तर तिथल्या बाई नुसत्या हसल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या घरात साडेचार हा आकडा राहायला आला. मी जेवणाच्या टेबलावर मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सरासरी हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की झोपेतही शिकवीन. पण सरासरीच्या आत राहणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. कुठला विषय कुठल्या सत्रात घ्यायचा, कुठले सर मार्क सोडतात, कुठल्या वर्गात हुशार मुलं जास्त, म्हणजे तिथे आपला नंबर खाली जाणार. इतिहासाचा एक विषय तिला फार आवडायचा, त्यात तिला ए ग्रेड मिळाली, तर ती चिडली. म्हणाली, आई, हा सायन्समध्ये धरत नाहीत, वाया गेला. आवडीच्या विषयात पहिलं येणं वाया जातं, हे मला तिच्याकडून कळलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरल्या, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तेव्हा चंद्रशेखर दामले यांनी स्वतः गाडी चालवत आम्हाला नेलं-आणलं. दामले पुण्याचे, एका बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर, बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारे. त्यांचा वेदांत आणि आमची प्रिया शाळेपासून एका वर्गात, आणि विद्यापीठातही दोघांचं तेच वेड, तोच आकडा. त्यांच्या नीतानं रोज मऊ भाताचा डबा पाठवला. हे मी मुद्दाम सांगतेय. माणसं वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

आजारपणाच्या कागदावर परीक्षा पुढे ढकलता आली असती. प्रियानं ढकलली नाही. बापाचीच लेक. तापातून उठल्या उठल्या, भिंतीला धरून चालत जाऊन तिनं फिजिक्सचा पेपर दिला, आणि त्यात सी प्लस आला. बाकी सगळीकडे ए, नाहीतर ए वजा.

निकालाच्या दिवशी जेवताना तिनं ते सांगितलं. रडली वगैरे नाही. म्हणाली, "पण इट्स ओके. मी ते एसयू करते. फक्त तुम्हाला विचारायचं होतं."

उत्तमनं विचारलं, एसयू म्हणजे काय. तिनं समजावलं. निकाल लागला की विद्यापीठ काही दिवस देतं. तेवढ्यात एखाद-दोन विषयांची ग्रेड झाकून ठेवता येते. मग गुणपत्रिकेवर नुसतं 'समाधानकारक' असं येतं आणि तो विषय सरासरीत धरला जात नाही. ही सोय सगळ्यांना आहे. मेडिकल कॉलेजलाही एखाद-दोन झाकलेले विषय चालतात, तिनं विचारून घेतलं होतं. संगणकावर एक बटण दाबायचं, की झालं.

उत्तमनं चमचा खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं की आता काय येणार.

"म्हणजे मार्क लपवायचे," तो म्हणाला.

"लपवायचे नाही, बाबा. इट्स अॅन ऑप्शन. एव्हरीबडी डझ."

"सगळे करत असतील. आपण नाही घ्यायची तसली सवलत. जेवढे मिळाले तेवढे दाखवायचे. उद्या कुणी म्हणायला नको."

"कोण म्हणणार?"

"कुणीही," उत्तम म्हणाला, आणि पुन्हा जेवायला लागला.

मी मध्ये पडले. म्हटलं, पोरगी तापातून उठून पेपर देऊन आली, याला सवलत म्हणत नाहीत, याला नियम म्हणतात. तो म्हणाला, नियम आहे म्हणून सगळं घ्यायचंच असं नसतं. म्हटलं, तुझा हा एक हट्ट तिच्या सरासरीला किती खाली ओढेल ते मी तुला पाटीवर मांडून दाखवू का? तो म्हणाला, तिच्यात धमक आहे, पुढे भरून काढेल. ती मुदत संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात, बाल्कनीत, झोपताना त्याच्याशी भांडत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मी सरळ विचारलं, उत्तम, तुझ्यासमोर नक्की कोण बसलंय? इथे कुणाला ठाऊक आहे आपण कोण? त्यावर तो उठून खाली फिरायला गेला.

मग मी प्रियाच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं आणि म्हटलं, दाबून टाक ते बटण, बाबाचं मी बघते. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच डेंग्यूची रुग्ण आहे. म्हणाली, वेदांतपण हेच म्हणतो, तू सियाओ आहेस का. सियाओ म्हणजे इथल्या भाषेत वेडी. मग म्हणाली, "पण आई, बाबांना ते चूक वाटतं ना? ही थिंक्स इट्स चीटिंग. मग मी तसं करून डॉक्टर झाले, तर कायम तसंच वाटत राहील."

तिला वाटलं होतं की प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. मला खरं माहीत होतं. तिला बसवून सांगावं, तर तोंडी परीक्षेपासून सुरुवात करावी लागणार, आणि ती गोष्ट सांगायची तर ज्याची त्यानं. मी उत्तमला म्हटलं, निदान तिला कारण तरी सांग. तो म्हणाला, कशाला तिच्या डोक्यात ते घालायचं? ती त्यातून सुटलेली आहे, सुटलेलीच राहू दे. मुदत संपली. सी प्लस गुणपत्रिकेवर कायमचा बसला.

पुढची दोन वर्षं प्रिया तो सी प्लस धूत होती. मी शिकवण्यांत मुलांना सांगते, सरासरी चढताना मुंगीच्या पावलानं चढते, उतरताना धपकन उतरते. तेच घरात बघत होते. तिनं नाचाचा क्लास सोडला. मैत्रिणींच्या वाढदिवसांना जाणं सोडलं. सुट्टीतही सायन्सचे जादा विषय घेतले, म्हणजे पुष्कळ ए गोळा होतील आणि तो एक डाग फिका पडेल. केस गळायला लागले. उत्तम रोज सकाळी तिच्यासाठी संत्र्याचा रस काढायचा आणि टेबलावर ठेवून जायचा. बापाचं प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू नये. रस काढत होता, सोलत होता, बिया काढत होता. फक्त एक बटण दाबू देत नव्हता.

शेवटचा निकाल लागला तेव्हा सायन्स जीपीए साडेचारला थोडासा कमी पडला, अगदी नखाएवढा. मी मनातल्या मनात फिजिक्स वगळून पाहिलं, माझा तो हातखंडा हिशोब आहे. साडेचारच्या वर जात होता. प्रियानं हा हिशोब माझ्या आधीच केला असणार, पण ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही. तरीही तिनं अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. दोन ओळींचा मेल आला, त्यात पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या.

वेदांतला बोलावणं आलं. मुलाखत झाली, प्रवेश मिळाला.

दामल्यांनी कॉन्डोच्या हॉलमध्ये सत्यनारायण ठेवला. आम्ही पूजेला बसत नाही, तीर्थ घेत नाही. पण दामल्यांनी गाडीनं नेलं-आणलं होतं, नीतानं डबे पाठवले होते, तेव्हा न जाणं शोभलं नसतं. अशा वेळी आम्ही आरती संपता संपता पोहोचतो. त्यांनाही हे माहीत आहे, आम्हालाही, आणि इतक्या वर्षांत कुणी त्यावर चकार शब्द काढलेला नाही. प्रसादाचा शिरा मी शिरा म्हणून खाते. नीताचा शिरा चांगला असतो, त्यात देवाचा काय दोष.

प्रिया यायला तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती आली, स्वतःहून, चांगला कुर्ता घालून. वेदांतला मिठी मारली, हसली, त्याच्याबरोबर फोटो काढले. मी लांबून बघत होते.

दामले खुशीत होते. सगळ्यांना पेढे देत आमच्यापाशी आले, उत्तमच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "उत्तमराव, एक बरंय या देशात. वशिला नाही, आरक्षण नाही. शुद्ध मेरिट. पोरानं स्वतःच्या हिमतीवर मिळवलं."

उत्तम म्हणाला, खरंय, अभिनंदन. मनापासून म्हणाला. वेदांत जवळच होता. लाजला बिचारा. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "चिल लाह, बाबा. लक पण होतं. फिजिक्स आणि ऑरगॅनिक, दोन्ही मी एसयू केले. नाहीतर कन्फर्म मेलो असतो."

"मग? नियमात आहे ना?" दामले हसले. "असेल ती सोय वापरायची. हुशारी त्यालाच म्हणतात."

मी उत्तमकडे बघितलं नाही. त्याच्या हातातल्या कागदी ताटलीकडे बघितलं. ती एका बाजूला कलली होती आणि शिरा कडेला आला होता.

दामल्यांना बहुधा आमची दया आली असावी. ते आवाज खाली आणून, आपल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "प्रियाचं कळलं मला. वाईट वाटलं हो. पण तुम्हाला काय काळजी? नागपूरला पाठवा तिला. तुमचा कोटा आहेच की तिकडे. सीट घरबसल्या मिळेल. दारं बंद आहेत ती आमच्या पोरांना, म्हणून तर आम्ही इथे येऊन पडलो."

म्हणजे माहीत होतं. इतकी वर्षं, मऊ भाताच्या डब्यापासून गाडीपर्यंत, त्यांना सगळं माहीत होतं. आडनावावरून नाही तर आम्ही आरतीला उशिरा येतो त्यावरून, फोटोवरून, कशावरून तरी. आणि त्यांच्या लेखी आम्ही कायम घरबसल्या मिळवणारे होतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वेदांतनं दोन विषय झाकले ती हुशारी, आणि माझ्या लेकीनं एकही झाकला नाही तरी ती कोट्यातली.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. मी म्हटलं, "दामले, जरा थांबा. वेदांतनं जी सवलत घेतली तिला..."

उत्तमनं माझ्या कोपराला हात लावला. "सरला, नको." मग दामल्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, बघू, विचार करू. नीता शिऱ्याचं पातेलं घेऊन आलीच होती, तिनं माझ्या ताटलीत अजून एक मूद घातली. मी तशीच ती ताटली टेबलाखालच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली. अन्न टाकणं मला आवडत नाही, पण त्या दिवशी टाकलं.

बाहेर बसस्टॉपवर आम्ही तिघंच होतो. प्रिया वेदांतच्या मागेच उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "व्हॉट कोटा? अंकल कुठल्या कोट्याबद्दल बोलत होते?"

मी उत्तमकडे बघितलं. दोन बसेस आल्या आणि गेल्या, आमची नव्हती. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. भिंतीवरच्या यादीपासून. सरकारचे जावई. आडनाव, गाव आणि न विचारलेले प्रश्न. आरक्षण काय आहे, का आहे, ते त्यानं एखाद्या परक्या माणसाला सांगावं तसं नीट, क्रमानं सांगितलं. चार चौकोनांच्या बाहेर आपल्याला ठेवलं होतं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, म्हणून मी ठरवलं होतं, माझ्या मुलीकडे बोट दाखवायला कुणाला जागाच ठेवायची नाही.

प्रिया शांतपणे ऐकत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते चीटिंग नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं ते चीटिंग नाही."

"हो."

"मला दोन वर्षं वाटत होतं, आपण प्रामाणिक आहोत म्हणून असं करतोय. आय वॉज प्राउड, बाबा. वेदांतनं दोन विषय झाकले आणि मी नाही, याचा मला प्राउड वाटायचा." ती थांबली. "आणि तुम्ही ते दामले अंकलसाठी केलंत. आणि ते तर तरीही तेच म्हणाले."

उत्तमशी मी दोन वर्षं मनातल्या मनात भांडत होते. त्याला ऐकवायला माझ्याकडे वाक्यांचा साठा होता, एकेक घासून ठेवलेलं. ते सगळं पोरीनं एका ओळीत सांगून टाकलं. मला वाटायचं, असा दिवस आला की मला बरं वाटेल. मला अजिबात बरं वाटलं नाही. तो गुडघा दाबत बाकावर बसला, आणि मला त्याच्यात ते तोंडी परीक्षेतून बाहेर पडलेलं पोरगंच दिसायला लागलं. रागही येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही धड पूर्ण येत नव्हते.

मग तो म्हणाला, "मला न विचारता दाबून टाकायचं होतंस गं ते बटण. मला कळलंसुद्धा नसतं."

प्रिया आमच्या बसचा नंबर दिसतोय का ते बघत होती. मान न वळवता म्हणाली, "मी विचारलं, कारण मला वाटलं होतं, तुम्ही हो म्हणाल."

बस आली. ती आधी चढली आणि मागे जाऊन खिडकीशी बसली, शेजारच्या सीटवर तिनं पर्स ठेवली. आम्ही दोघं क्वीन्सटाउन येईपर्यंत पुढे उभे राहिलो. आता ती एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि रोज सकाळी टेबलावर ठेवलेला संत्र्याचा रस तसाच ठेवून जाते. मग तो मी पिते.